बिग स्लॅकवॉटर: दीड मैलाचा खंड आणि १८४.५ मैलांची वाट

अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या मेरीलँडकडच्या काठाने, कंबरलँड गावापासून वॉशिंग्टन शहरातल्या जॉर्जटाउनपर्यंत चेसापीक अँड ओहायो कालव्याचा टोपाथ जातो. खेचरांनी काठाने चालत दोराने नाव ओढायची, त्यासाठी बांधलेली ही वाट आहे. लांबी १८४.५ मैल, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटर. १९९६ च्या पुरांनी या वाटेचा साधारण दीड मैलाचा पट्टा निकामी केला. डॅम नंबर ४ या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, बिग स्लॅकवॉटर नावाच्या जागी तो आहे. तिथून पुन्हा सरळ चालत जाता यायला ऑक्टोबर २०१२ उजाडला. दुरुस्तीला सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर लागले, आणि मधली सोळा वर्षे चालणारे आणि सायकलवाले डोंगराळ, अरुंद गाडीरस्त्यांवरून साडेचार-पाच मैलांचा वळसा घेत राहिले.

वाट नेमकी तिथेच का तुटली, दुरुस्तीला इतका वेळ आणि पैसा का लागला आणि तो खर्च योग्य होता का, हे तीन प्रश्न या प्रकरणात आहेत. पहिल्या दोहोंची उत्तरे १८३० च्या दशकातल्या बांधकामात सापडतात.

कालव्याची भिंत, तीच वाट

हा टोपाथ कालव्याच्या शेजारून काढलेला रस्ता आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. खरे तर तो कालव्याची नदीकडची भिंत आहे. एका बाजूला डोंगर, मग कालवा, मग टोपाथ, मग उतार आणि खाली नदी, अशी जवळजवळ सगळ्या मार्गावरची मांडणी. कालव्याचे पाणी नदीच्या पातळीच्या बरेच वर असते आणि ते तिथे अडून राहते ते टोपाथच्या भरावामुळे. भरावाचा माथा साधारण १२ फूट रुंद ठेवला. खेचरे या माथ्यावरून चालत.

कालव्याची खोली ६ फूट. मार्गातल्या हार्पर्स फेरी गावाच्या खालच्या, म्हणजे जॉर्जटाउनकडच्या भागात पाण्याच्या पातळीवर रुंदी ६० फूट, वरच्या भागात ५० फूट. पाणी झिरपू नये म्हणून तळाला आणि बाजूंना चिकणमाती कुटून तिचा थर बसवलेला असे. हा थर ओला राहिला तोपर्यंतच काम देतो. कालवा कोरडा पडला की माती तडकते, आणि पुन्हा पाणी सोडल्यावर त्याच भेगांतून गळती सुरू होते. पोटोमॅकच्या मधल्या पट्ट्यात चुनखडक आहे. तिथे जमिनीखालच्या पोकळ्यांमुळे कालव्याच्या तळाला अचानक भगदाड पडून पाणी निघून जाण्याचा धोका कायम असे.

भराव पोखरणारे प्राणी ही दुसरी डोकेदुखी. तिथे मस्करॅट नावाचा, घुशीच्या जातकुळीतला पाण्यात राहणारा प्राणी आहे. तो पाण्याच्या पातळीखाली तोंड ठेवून भरावात बीळ करतो, त्यामुळे बीळ वरून दिसत नाही. बिळाचे दुसरे टोक भरावाच्या बाहेरच्या उताराजवळ पोचले की पाणी वाट काढते आणि काही तासांत भराव फुटतो. म्हणून कालवा बांधून चालवणाऱ्या कंपनीने माणसे नेमली होती. नाव वरच्या-खालच्या पातळीला नेण्यासाठी दारे लावून पाणी भरायचे-सोडायचे कुंड म्हणजे लॉक. दोन लॉकांमधला आपापला टप्पा पायी फिरायचा, ओल शोधायची, छोटे भोक दिसले तर हातातल्या फावड्याने लगेच बुजवायचे, मोठे असेल तर वर कळवायचे, हे त्यांचे काम. हा धोका आपल्याकडेही अनोळखी नाही. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला, तेव्हा उंदीर-घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरल्याचे कारण शासनाकडून पुढे आले होते.

दोर, खेचर आणि नाव

या कालव्यावरची कोळशाची नाव सुमारे ९२ फूट लांब आणि साडेचौदा फूट रुंद. लॉक १५ फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना उरलेली जागा जेमतेम तीन-तीन इंच. एका नावेत साधारण १२० टन कोळसा जाई. ही नाव दोन खेचरे ओढत, कधी तीन. खडीच्या रस्त्यावर एका जनावराच्या वाट्याला टनभर ओझे आले तरी पुष्कळ. इथे एका खेचराच्या वाट्याला ६० टन येत, कारण संथ पाण्यात हळू चालणाऱ्या नावेला फारसा विरोध होत नाही. अट एकच, वेग ताशी तीन-चार मैलांच्या वर न्यायचा नाही. वेग वाढला की विरोध त्याहून झपाट्याने वाढतो, आणि नावेमागची लाट भरावाची माती खाऊ लागते.

खेचरांच्या दोन जोड्या असत. एक वाटेवर, दुसरी नावेच्या नाळेकडच्या तबेल्यात विश्रांती घेत. साधारण सहा तासांनी पाळी बदले. मधल्या भागात चारा आणि मागे नाववाल्यांच्या कुटुंबाची खोली. खेचरांबरोबर बहुतेक वेळा घरातली मुलेच चालत. कंबरलँडहून निघालेली भरलेली नाव पाच ते सात दिवसांत जॉर्जटाउनला पोचे.

दोर लांब ठेवण्यामागे हिशेब आहे. खेचर काठावर आणि नाव पाण्याच्या मध्याकडे, त्यामुळे दोराची ओढ तिरकी बसते आणि नावेचे तोंड सतत काठाकडे वळू पाहते. दोर जितका लांब तितका हा कोन कमी आणि सुकाणूवाल्याचे कष्टही कमी. मात्र लांब दोराला वाट आणि पाणी यांच्यामधली पट्टी पूर्ण मोकळी लागते. तिथे एक झुडूप वाढले तरी दोर अडकतो. कालवा चालू होता त्या काळातल्या छायाचित्रांत टोपाथचा काठ उघडाबोडका दिसतो तो म्हणूनच. आजची गर्द सावली ही वाहतूक थांबल्यानंतरची आहे.

समोरासमोर आलेल्या दोन नावांना एकच टोपाथ. भरून खाली येणाऱ्या नावेला पहिला मान. वर जाणारी रिकामी नाव पलीकडच्या काठाला सरकायची, तिची खेचरे थांबायची, दोर सैल सोडायचा म्हणजे तो पाण्यात तळाला जाई. भरलेल्या नावेची खेचरे वाटेवर पडलेला दोर ओलांडून पुढे जात आणि नाव बुडालेल्या दोरावरून तरंगत निघे. दोर सोडायला क्षणाचा उशीर झाला की तो पुढच्या नावेच्या तळाला किंवा सुकाणूला अडकणार आणि थांबलेली खेचरे मागे खेचली जाणार. त्यामुळे दोघांनी एकमेकांना दुरून पाहणे आणि वेळेवर हाक देणे याला फार महत्त्व होते.

लॉकमध्ये शिरताना नाव थांबवायची तीही दोरानेच. नावेला दुसरा ब्रेक नाही. काठावर पुरलेल्या जाड खुंटाला दोराचे वेढे द्यायचे आणि घर्षणाने वेग मारायचा. वेढा कमी पडला तर १२० टनांची नाव खालच्या दारांवर आदळते. वेढा एकदम घट्ट बसला तर दोर तुटतो आणि त्याचे टोक माणसाला फटकारते. असे ७४ लॉक ओलांडून नाव ६०५ फूट खाली उतरे, म्हणजे सरासरी एका लॉकमागे आठ फूट.

या सगळ्या पद्धतीला एक गोष्ट गृहीत होती, खेचराच्या पायाखालची वाट सलग हवी. पाण्याचा मार्ग उघडा असून भागत नसे. ९२ फुटी नाव एकट्या बांबूने रेटणे व्यवहारात शक्य नाही. पन्नास फूट वाट खचली तर त्या जागी वाहतूक थांबली. इथे वाट हेच इंजिन होते.

बिग स्लॅकवॉटरची अडचण

कालव्याला पाणी पुरवण्यासाठी पोटोमॅकवर बंधारे घालायचे ठरले. त्यांना क्रमांक दिले गेले. १ ते ६ आणि ८ बांधले गेले, ७ क्रमांकाचा बांधलाच नाही. डॅम ४ च्या वर मेरीलँडच्या बाजूला चुनखडकाचे कडे थेट नदीत उतरतात. तिथे कालवा खणायचा तर तीनेक मैल कडा फोडावा लागणार होता, आणि कंपनीची तिजोरी कायम रिकामी. मग नदीच वापरायची ठरली. बंधाऱ्यामागे तुंबलेले संथ पाणी हाच कालवा. वरून आलेली नाव लॉक ४१ जवळ कालव्यातून नदीत उतरायची, नदीतून सुमारे तीन मैल यायची आणि डॅम ४ च्या थोडे वर असलेल्या रक्षक लॉकमधून, म्हणजे नदी आणि कालवा यांच्यामधल्या दाराच्या लॉकमधून, पुन्हा कालव्यात शिरायची. डॅम ५ च्या वर अशीच पण अर्ध्या मैलाची छोटी सोय आहे, तिला लिटल स्लॅकवॉटर म्हणतात.

खर्च वाचला, पण टोपाथचे काय? एरवी टोपाथ नदीपासून उंचावर आणि भरावाच्या माथ्यावर असतो. इथे तो कड्याच्या पायथ्याशी, नदीच्या पातळीपेक्षा थोडाच वर, खडक फोडून काढलेल्या कोनाड्यासारखा आहे. जिथे खडक आत वळतो तिथे नदीच्या बाजूने दगडी भिंत उभारून मागे माती-दगड भरले होते. कालव्यात नाव आणि नदी यांच्यामध्ये भराव असतो. इथे नाव, खेचरे आणि पूर यांच्यामध्ये काहीच नव्हते.

नदी शांत असताना हा तीन मैलांचा भाग सुखाचा. लॉक नाही, पाणी खोल आणि रुंद. नदी चढली की मात्र खाली येणारी भरलेली नाव प्रवाहाबरोबर खेचरांच्या पुढे जाऊ पाहते, दोर सैल पडतो आणि ओढ उरली नाही की सुकाणूही चालत नाही. पुढे रक्षक लॉकचे तोंड चुकले तर थेट बंधाऱ्यावरून खाली. वर जाणाऱ्या नावेला प्रवाहाविरुद्ध ओढायचे म्हणजे खेचरांचा दम निघायचा. म्हणून नदी फुगली की नावा दोन्ही टोकांना थांबून राहत. अख्ख्या कालव्याची वेळ या तुकड्यावर अवलंबून राही. आमच्या मते हा निर्णय त्या काळच्या पैशांच्या ओढाताणीत समजण्यासारखा होता, पण देखभालीचा बोजा पुढच्या पिढ्यांवर टाकणाराही होता.

वाटेचा शेवट आणि दुसरा जन्म

कालव्याचे काम ४ जुलै १८२८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या हस्ते सुरू झाले. त्याच दिवशी बाल्टिमोरमध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला दगड बसला. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलँडला पोचली, कालवा १८५० मध्ये. पिट्सबर्गपर्यंत, ओहायो नदीला जोडण्याचा बेत तिथेच सोडून द्यावा लागला. तरीही कोळशाच्या जोरावर कालवा काही दशके चांगला चालला. १८८९ च्या पुराने कंपनी बुडाली आणि कारभार रेल्वेच्या हाती गेला. १९२४ च्या पुरानंतर दुरुस्ती न करण्याचा निर्णय झाला आणि वाहतूक कायमची थांबली. १९३६ च्या मार्चमध्ये आलेल्या महापुराने उरलेसुरले झोडपले.

१९३८ मध्ये केंद्र सरकारने रेल्वेकडून कालवा २० लाख डॉलरला घेतला. खालचे २२ मैल, जॉर्जटाउन ते सेनेका, बेरोजगारांसाठीच्या सरकारी योजनेतल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या तुकड्यांनी दुरुस्त केले. वरचे दीडशेहून अधिक मैल मात्र झाडोऱ्याच्या हवाली राहिले.

१९५० च्या सुमारास या पट्ट्यावरून मोटाररस्ता काढायचा प्रस्ताव पुढे आला. सरकारच्या मालकीची, सलग आणि जवळजवळ सपाट अशी जमीन आयती हातात होती. ज्या गुणामुळे खेचरांना ती सोयीची होती, त्याच गुणाचा मोह रस्ते बांधणाऱ्यांना पडला. ३ जानेवारी १९५४ रोजी वॉशिंग्टन पोस्टने रस्त्याच्या बाजूने अग्रलेख लिहिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी पत्र लिहून अग्रलेख लिहिणाऱ्यालाच आव्हान दिले, की माझ्याबरोबर पूर्ण वाट चाला आणि मग ठरवा. २० मार्चला कंबरलँडकडून चाल सुरू झाली. आठ दिवसांच्या त्या चालीत अनेक जण अधूनमधून सामील झाले, पूर्ण अंतर पायी चालणारे नऊ. पोस्टने नंतर आपली भूमिका बदलली. या चालीतून उभ्या राहिलेल्या समितीचीच पुढे चेसापीक अँड ओहायो कॅनॉल असोसिएशन झाली. १९६१ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा आणि जानेवारी १९७१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला.

डग्लस यांच्या युक्तिवादातली एक गोष्ट या प्रकरणाशी थेट जोडलेली आहे. त्यांनी तुकड्यांचे रक्षण मागितले नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची वाट मागितली. चार रमणीय जागा वाचवून बाकीच्यावर डांबर टाकले असते, तर कागदावर ती तडजोड बरी दिसली असती. पण लांब पल्ल्याची वाट अशा तडजोडीत उरत नाही.

१९७२, १९८५, १९९६

उद्यान जाहीर होऊन दीड वर्ष होत नाही तोच जून १९७२ मध्ये ॲग्नेस वादळाचा पूर आला. नोव्हेंबर १९८५ मध्ये आणखी एक. १९९६ मध्ये मात्र एकाच वर्षात दोन. जानेवारीत प्रचंड बर्फवृष्टीनंतर अचानक ऊब आणि पाऊस आला, बर्फ वितळून नदी चढली. सप्टेंबरमध्ये फ्रॅन वादळाने तेच केले. पहिल्या पुराने ढिल्या केलेल्या भिंती दुसऱ्याने नेल्या.

कड्याच्या पायथ्याची भिंत पुरात कशी जाते, तो क्रम नीट पाहिला तर दुरुस्ती साधी का नव्हती ते कळते. पाणी चढते तेव्हा भिंतीमागचा भराव पाण्याने भरतो. पाणी उतरते ते नदीत झपाट्याने, भरावात सावकाश. त्या काही तासांत भिंतीच्या आतून बाहेर दाब पडतो आणि बाहेरून आधार देणारे पाणी निघून गेलेले असते. भिंत फुगते. दगडांच्या फटींतून बारीक माती वाहून जाते आणि मागे पोकळी तयार होते. वरून वाट धड दिसते, पण पाय टाकला की खचते. पुढच्या पुरात वाहत आलेला झाडाचा बुंधा फुगलेल्या दगडांवर आपटतो आणि एक दगड निसटला की दोन्ही बाजूंचे सुटत जातात. इथे कडा एका बाजूला असल्याने प्रवाहाला पसरायला जागा नाही. पाणी वाटेच्या कडेनेच वेगाने जाते.

अशी जागा मातीने पुन्हा भरणे म्हणजे पुढच्या पुराला खाऊ देणे. जुन्या पद्धतीने सुकी दगडी भिंत रचली तर ऐतिहासिकता राखली जाते, पण मूळ दुबळेपणाही परत येतो. वाट वर उचलायची तर कडा फोडावा लागेल किंवा नदीकाठी उंच पूल उभा करावा लागेल, आणि जी जागा जपायची तीच विद्रूप होईल. दुरुस्तीचे साहित्य आणायला गाडीरस्ताही नाही, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नदी. त्यात ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात, म्हणजे प्रत्येक बदल वारसा आणि पर्यावरण या दोन्ही चाळण्यांतून जाणार. पैशांची वाट पाहण्यात गेलेला काळ या सगळ्याच्या वर.

शेवटी केंद्राचे आणि मेरीलँड राज्याचे पैसे मिळून काम झाले. काँक्रीटचा मार्ग कड्याच्या पायथ्याशी, जवळपास जुन्याच पातळीवर बांधला गेला. ही निवड महत्त्वाची आहे. पूर अडवायचा प्रयत्न इथे नाही. पाणी वरून जाईल हे मान्य करून, गेल्यावर वाट जागच्या जागी राहील एवढेच साधले आहे. माती आणि खडीच्या पृष्ठभागात ते जमत नाही, कारण पुराचा पहिला घास बारीक माल असतो.

खर्चाचा हिशेब कठोरपणे मांडला तर मैलाला सव्वा कोटी डॉलरहून जास्त पडतात. १९३८ मध्ये अख्खा कालवा २० लाखांना मिळाला होता. डॉलरची किंमत बदलली हे धरूनही आकडा मोठाच आहे. आमचे मत स्पष्ट आहे, खर्च योग्य होता. दीड मैलाच्या खंडाने होणारे नुकसान दीड मैलाचे नव्हते. मुलांसह किंवा सामान लादलेल्या सायकलीवरून निघालेल्या माणसाला वळणावळणाच्या, कडेला जागा नसलेल्या रस्त्यावर मोटारींमध्ये जावे लागत होते. त्या एका भीतीपोटी पूर्ण प्रवासच टाळणारे होते. २०१३ मध्ये पिट्सबर्ग ते कंबरलँड ही १५० मैलांची ग्रेट ॲलेघनी पॅसेज वाट पूर्ण झाली आणि टोपाथला जोडून सुमारे ३३४ मैलांचा मोटारमुक्त मार्ग तयार झाला. बिग स्लॅकवॉटर तुटलेले असते तर हा दावा करताच आला नसता.

पुरानंतर भराव तपासताना

बिग स्लॅकवॉटर हा अपवाद आहे. बाकीचा टोपाथ अजूनही मातीचा भराव आहे आणि तो वेगळ्या कारणांनी बिघडतो. हेच निकष कालव्याच्या कडेच्या आपल्याकडच्या सेवा रस्त्यांनाही लागू पडतात, म्हणून थोडे तपशिलात.

पाणी उतरल्यावर आधी वाटेवरून नव्हे, भरावाच्या बाहेरच्या पायथ्याने चालायचे. ओल, दलदल, अचानक हिरवेगार गवत दिसले तर तिथे पाझर आहे. पाझराचे पाणी स्वच्छ असेल तर जागा खुणेने नोंदवून रोज पाहायची. गढूळ असेल तर भरावातली माती वाहून येते आहे, आणि तिथे वाट पाहण्यात अर्थ नाही. कालव्याची पातळी लगेच उतरवायची.

मग मोऱ्या. डोंगरातले ओढे कालव्याच्या आणि टोपाथच्या खालून दगडी कमानीच्या मोऱ्यांतून नदीला मिळतात. या कालव्यावर अशा मोऱ्या दीडशेहून जास्त आहेत आणि त्यातच सगळ्यात जास्त घोटाळे होतात. फांद्या-गाळाने तोंड बुजले की वरच्या बाजूला पाणी तुंबते आणि भरावावरून जाते. कमानीतला चुना धुपला की वरची माती थेंबाथेंबाने मोरीत गळते. मोरीच्या बरोबर वर टोपाथवर बशीएवढा खड्डा पडलेला दिसला, तर तो वरून बुजवू नये. खाली उतरून मोरीच्या आत ताज्या मातीचा ढीग आहे का ते पाहावे. आत कारण तसेच ठेवून वर मुरूम टाकला, तर पुढच्या वेळी खड्डा माणूस मावेल एवढा असतो.

झाडांचा प्रश्न नाजूक आहे, कारण सावली सगळ्यांना हवी असते. भरावावरचे मोठे झाड वादळात उन्मळले की मुळांच्या गड्ड्यासकट काही घनमीटर माती उचलून नेते आणि नेमका भरावाचा गाभा उघडा पडतो. मेलेल्या झाडाची कुजलेली मुळे तर आतल्या आत नळ्या तयार करतात. वाळलेली आणि नदीकडे कललेली झाडे पडायच्या आधी बुंध्याशी कापावीत. मुळे मात्र उपटू नयेत, त्याने भराव सैल होतो.

पडलेली खिंडारे बुजवताना होणारी नेहमीची चूक म्हणजे जवळ पडलेले दगड-गोटे ढकलून वर माती पसरणे. दगडांमधून पाणी मोकळे वाहते आणि गळती आधीपेक्षा वाढते. आधी सैल माती पक्की लागेपर्यंत काढायची, कडा पायऱ्यांसारख्या कापायच्या म्हणजे नवी माती जुनीला धरते. मग ओलसर चिकणमाती सहा इंचांच्या थरांनी टाकून प्रत्येक थर कुटायचा. माती मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण हाताला पाणी लागू नये, एवढाच ओलावा. नदीकडच्या उताराला दगडी पिचिंग, आणि ते सगळ्यात शेवटी. चालण्याचा थर म्हणून खडीचा कच बारा फुटांच्या रुंदीत किंचित उतार देऊन बसवावा, म्हणजे पाणी साचत नाही. जो भाग दर दोन-चार वर्षांनी बुडतो तिथे कच टिकत नाही, तिथे जाड खडी किंवा काँक्रीटच लागते.

आजची स्थिती

बिग स्लॅकवॉटरची वाट नदी चढली की आजही बंद करतात आणि तेव्हा जुना वळसाच घ्यावा लागतो. बांधणाऱ्यांनी हे गृहीतच धरले होते. पाणी उतरल्यावर काँक्रीटवर गाळाचा निसरडा थर आणि ओंडके अडकलेले असतात. ते काढून, कडेचे सांधे आणि कड्यावरून सुटू पाहणारे दगड तपासल्याशिवाय वाट उघडत नाहीत. वॉशिंग्टनच्या उपनगरांतून सायकलने कंबरलँडकडे निघणाऱ्यांनी, आणि त्यांत तिथली मराठी मंडळीही आली, निघण्याच्या दिवशी उद्यानाच्या सूचना पाहाव्यात. विशेषतः हिवाळ्याच्या अखेरीस, कारण बर्फ वितळण्याच्या काळात खाली ऊन असले तरी वर डोंगरातून आलेले पाणी एका रात्रीत पातळी वाढवते. मुक्कामाच्या जागा पाच-सात मैलांवर आहेत, हातपंपाच्या पाण्यात आयोडीन घातलेले असते आणि थंडीत पंप बंद ठेवतात. लॉक ४१ ते रक्षक लॉक या तीन मैलांत एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नदी असल्याने मध्येच बाहेर पडण्याच्या जागा मोजक्याच आहेत. त्यामुळे वादळाची चिन्हे असतील तर वरून येणाऱ्यांनी वरच्या टोकाजवळच्या मॅकमेहन्स मिल या जुन्या गिरणीपाशीच थांबावे, तिथून गाडीरस्त्याला लागता येते.